मनाची राखण, शाळेच्या अंगणात

कोडोलीच्या परिसरात उसाची शेती पुष्कळ. उसाच्या मुळाला हुमणी लागली, तर सुरुवातीला वर काहीच दिसत नाही. पाने पिवळी पडू लागतात, तोवर मुळे बरीच कुरतडलेली असतात. म्हणून जाणता शेतकरी तोवर थांबत नाही. वळवाचा पाऊस पडला, की तो हुमणीचे भुंगेरे गोळा करून नष्ट करतो.

नैराश्याचेही काहीसे असेच आहे. गुण कमी पडले म्हणून दोन दिवस वाईट वाटणे, हे नैराश्य नव्हे. पण दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहिले, आवडता खेळही नकोसा झाला, झोप आणि भूक बिघडली, ‘आपण कुचकामी आहोत’ असे सारखे वाटू लागले, तर तो आजार असू शकतो. हा आळस नव्हे, नाटकही नव्हे. उपचारांनी तो बरा होऊ शकतो.

मग त्याला शाळेतच आधी अटकाव करता येईल का? गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने याचा शोध घेतला. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळांचे तीन गट पाडले. एका गटात प्रशिक्षण दिलेली बाहेरची व्यक्ती शाळेची ‘मित्र’ झाली. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतील शिक्षकाकडे दिले. तिसऱ्या गटात नेहमीचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम तेवढा चालू ठेवला.

हा ‘मित्र’ करी काय? प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणे, भित्तिपत्रक चालवणे, मुलांच्या तक्रारींसाठी पेटी ठेवणे आणि अडचणीतल्या मुलाशी एकट्याने बोलून वाट शोधणे. हा मित्र मानसोपचारतज्ज्ञ नव्हता!

निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात शाळेचे वातावरण सुधारले, दादागिरी घटली आणि नैराश्याची लक्षणेही कमी झाली. दुसऱ्या वर्षी तर फरक आणखी वाढला. शिक्षकांच्या गटात मात्र असा लाभ दिसला नाही.

शिक्षक कमी पडले, असा याचा अर्थ घेऊ नका. शिकवणे, तपासणे, शिस्त लावणे यांतून निवांत वेळ कसा मिळणार? शिवाय जो गुण देतो, त्याच्याजवळ मन मोकळे करणे मुलांनाही जड जाते. इंग्लंड व आसपासच्या ८५ शाळांच्या प्रयोगात त्यांपैकी काही शाळांत शिक्षकांनी मनाच्या एकाग्रतेचे पाठ दिले; २०२२ च्या अहवालानुसार त्यांचाही नेहमीच्या शिक्षणाहून अधिक उपयोग झाला नाही. तात्पर्य, नुसता नवा तास वाढवून भागत नाही. ऐकायला वेळ असलेले विश्वासाचे माणूस हवे, आणि साऱ्या शाळेची हवा बदलायला हवी.

अशी पेटी आणि असे भित्तिपत्रक कोडोलीतच काय, कोणत्याही शाळेत सुरू करता येईल. मात्र पेटी रोज उघडणारे आणि चिठ्ठीतले नाव गुप्त राखणारे कोणीतरी नेमा.

एक गोष्ट मात्र गुप्त ठेवू नका. एखादा मित्र किंवा मैत्रीण ‘जगून काय करायचे?’ असे म्हणू लागली, तर तिला एकटे सोडू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. मुळाशी कीड लागल्याचे वेळीच कळले, तर पीक वाचते.