सागाच्या जिल्ह्यात गिटारचं लाकूड

‘कोन्तं लाकूड हाय जी याचं?’ यवतमाळ जिल्ह्यात कुणी इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालं, की पहिला प्रश्न हा. पिकअप कसले, नेक, म्हणजे मान, सरळ आहे का, खुंट्या सूर धरतात का, हे नंतर. बहुतेकदा कधीच नाही. विचारणाऱ्याचा फार दोषही काढता येत नाही. हा सागाचा मुलूख. दाराची चौकट, दिवाण, देव्हारा, सगळं इथे लाकडावर जोखलं जातं. त्यामुळे वीस ते पन्नास हजारांची गिटार समोर आली की मुलाचे वडील, मामा आणि दुकानात सहज डोकावलेला तिसराच कुणीतरी बॉडीवर टिचकी मारून कान देतो. विक्रेत्यालाही तेच हवं असतं. ‘महोगनी आहे’ एवढं म्हटलं की वरचे पाच-सहा हजार आपोआप रास्त वाटायला लागतात.

टिचकीचा आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज यांचा संबंध फार दूरचा आहे. हे सांगून सांगून घसा बसला, तरी पुन्हा एकदा सांगतो.

साध्या, म्हणजे अकूस्टिक गिटारीत तारेची थरथर ब्रिजमधून वरच्या पातळ फळीत जाते, फळी हवा हलवते आणि ती हवा आपल्या कानापर्यंत येते. तिथे लाकूड हाच स्पीकर. इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली पिकअप असतो: लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. 1831 मध्ये फॅरडेनं दाखवलं तेच, दहावीच्या पुस्तकातलं. ही वीज केबलमधून अ‍ॅम्पमध्ये जाते. पिकअपला हवा ऐकू येत नाही, त्याला पोलाद कळतं. खात्री करायची असेल तर त्याच गिटारीवर नायलॉनच्या तारा चढवून बघा. लाकूड तेच, बोटं तीच, आणि अ‍ॅम्प गप्प.

इतिहासही याच बाजूचा. 1932 मध्ये विक्रीला आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही बाजारातली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार चक्क ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार ती. जुन्या हिंदी गाण्यांच्या धून ज्यावर वाजायच्या, त्याच घराण्यातली. पुढे गिटारवादक लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ठोकळ्यावर तारा ताणल्या आणि दिसायला गिटार वाटावी म्हणून एका जुन्या गिटारीचे दोन अर्धे त्याला दोन्हीकडून जोडले. डॅनइलेक्ट्रो कंपनी 1950 च्या दशकात मॅसोनाइट, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पातळ फळीपासून गिटारी बनवत होती आणि पुढे लेड झेपलिनचा जिमी पेज तसली गिटार मोठ्या मंचावर वाजवत असे. ‘क्वीन’च्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर घरी बनवलेल्या गिटारीचा नेक जुन्या शेकोटीच्या लाकडातून काढलेला आहे आणि बॉडीत ब्लॉकबोर्ड आहे. आपल्याकडे स्वयंपाकघराचे शटर करायला आणतात, तो. त्या आवाजावर अख्खी स्टेडियम्स डोलली.

फेंडर या गिटार कंपनीनं अल्डर आणि अ‍ॅश ही लाकडं वापरली, त्यामागे सूर कमी आणि हिशेब जास्त होता: मिळायला सोपी, कापायला सोपी. अ‍ॅशच्या झाडांना कीड लागली, तोडीच्या भागात पूर आले, तेव्हा 2020 मध्ये कंपनीनं बहुतेक नेहमीच्या मॉडेलांतून अ‍ॅश काढून टाकलं. बासवुड हे ‘स्वस्तातलं’ लाकूड म्हणून आपले लोक नाक मुरडतात. गिटारवादक जो सॅट्रियानीच्या नावानं निघालेल्या लाखमोलाच्या कित्येक आयबानेझ गिटारी त्याच बासवुडच्या आहेत.

आता शंका घेणाऱ्यांसाठी पुरावा, आणि तो प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंचा. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा अकूस्टिक गिटारी मुद्दाम एकसारख्या बनवून घेतल्या. फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडाचा. 52 वादकांना मंद प्रकाशात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवायला दिल्या. दुर्मिळ ब्राझिलियन रोजवुड आणि साधं लाकूड यांना मिळालेल्या गुणांत नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे जिथे लाकूडच आवाज करतं तिथेही मागच्या फळीचं नाव वादकांना ओळखता आलं नाही. उलट बाजूनं, पोलंडमधल्या क्राको इथल्या संशोधकांनी 2021 मध्ये पिकअप, तारा, सगळं तेच ठेवून फक्त खालचं लाकूड बदललं आणि मिळालेला फरक कानाला जाणवण्याइतका आहे असं मांडलं. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी त्याआधीच दाखवलं होतं, की नेक स्वतः थरथरतो तेव्हा काही ठरावीक जागी सूर लवकर विझतो. तेव्हा लाकडाचा परिणाम शून्य, असं मी म्हणत नाही. पण ‘फरक आहे’ आणि ‘महाग लाकडाचा फरक चांगला आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यासाठी पुरावा नाही. शिवाय पिकअप पेचकसानं थोडा वर-खाली केला तरी आवाजात जो बदल होतो, तो फुकट असतो.

दुकानातली ‘महोगनी’ही बरेचदा खरी महोगनी नसते. नाटो, सॅपेली असल्या वेगळ्याच झाडांना व्यापारात ते नाव चिकटलेलं आहे. गंमत पुढेच आहे. आपण परदेशातली महोगनी मागतो, आणि परदेशातले कारखाने नेकवरच्या, बोटांखालच्या पट्टीसाठी आपलं शिसव मागतात. इंडियन रोजवुड म्हणून जगभर ज्याचा बोलबाला आहे ते हेच. 2011 मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर धाड घातली ती भारतातून गेलेल्या शिसव-आबनुसाच्या पट्ट्यांवरून. पुढच्या वर्षी कंपनीनं तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. आणि आपल्या गल्लीतला मुलगा विचारतो, ‘इंपोर्टेड लाकूड आहे ना?’

कुणी म्हणतं, घरचा साग पडून आहे, सुतार ओळखीचा आहे, बॉडी त्याचीच करून घेऊ. खुशाल करा. नेक आणि पिकअप चांगले बसवले तर ती गिटार वाजेलही. फक्त साग अल्डरच्या जवळजवळ दीडपट जड असतो आणि तेलकटपणामुळे त्यावर डिंक व पॉलिश सहज धरत नाही. तीन तासांच्या ऑर्केस्ट्रानंतर खांदा काय म्हणतो ते पट्टा लावणाऱ्यालाच कळेल.

मग मधल्या किमतीत पैसे जातात कुठे? फ्रेट्सच्या (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्या) घासकामात, नटच्या (तारा नेकच्या टोकाला जिथे टेकतात ती पट्टी) खाचांत, खुंट्यांच्या दात्यांत, पिकअप आणि व्हॉल्यूमच्या बटणात, आणि कारखान्यात शेवटी बसून वाईट नग बाजूला काढणाऱ्या माणसाच्या पगारात. दहा हजारांच्या आणि तीस हजारांच्या गिटारीत हा फरक खरा असतो आणि तो हाताला लागतो. तीस हजार आणि लाख यांत तो झपाट्यानं आटतो. म्हणून माझं मत: वर्षभर नियमित वाजवत असाल, किंवा गणपतीतले आणि एप्रिलमधल्या भीमगीतांचे कार्यक्रम धरले असतील, तर मधल्या किमतीची जरूर घ्या. दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावत बसायला तिथे वेळ नसतो. पहिलीच गिटार असेल तर पंधरा हजारांची घ्या आणि तिचा सेटअप, म्हणजे नेक, तारा आणि सूर यांची जुळणी, नीट करून घ्या. एकूण पस्तीस हजार हातात असतील तर बावीसच्या वर गिटारीवर घालू नका. उरलेले अ‍ॅम्प, चांगली केबल आणि सेटअप यांना लागतात.

सेटअपचं आपल्याकडे कुणी बोलतच नाही, आणि यवतमाळात तोच सगळ्यात कळीचा. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत. लाकडी पट्टी आकसते आणि फ्रेट्सची टोकं बाजूनं बाहेर येऊन तळहाताला करवतीसारखी लागतात. जुलैत तीच पट्टी ओल पिऊन फुगते, नेकचा बाक बदलतो आणि तारा खडखडायला लागतात. गिटार खराब निघाली म्हणून लोक ती विकायला काढतात. खराब काही झालेलं नसतं. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते, तिला पाव फेरा दिला की बहुतेक वेळा काम होतं. मात्र ते जाणकाराकडून शिकून घ्या. नागपूर-अमरावतीला गिटार पाठवणं परवडतं, पण प्रत्येक ऋतूला नाही. आणि कूलरसमोर गिटार टांगू नका. बाहेर कोरडं आणि खोलीत दमट, अशा खेळात तारा गंजतात आणि नेक गोंधळतो.

दुकानात टिचकी मारण्याऐवजी हे करा. नेक डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून सरळ आहे का बघा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कुठे खडखड, कुठे सूर मेलेला, ते कळतं. ट्यूनर लावून मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार यांचा सूर जुळतो का पाहा. तार जोरात ओढून सोडा आणि सूर टिकला का तपासा. बटणं फिरवताना खरखर येत असेल तर दुसरा नग मागा. ऑनलाइन मागवली तर परतीची मुदत आधी वाचा.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, पण चिवट.

आधी साधी गिटार शिकायची, मग इलेक्ट्रिक: असा नियम नाही. उलट इलेक्ट्रिकच्या तारा पातळ असतात, पहिली तार बहुधा 9 हजारांश इंचाची, साधीची 12. कोवळ्या बोटांना इलेक्ट्रिक सोपी जाते.

लाइट गेली की बंद: नाही. बारीक आवाजात ती तशीही वाजते, शेजारी झोपलेले असताना तर तेच बरं. आणि बॅटरीवर चालणारे हेडफोन अ‍ॅम्प मिळतात.

इंडोनेशियाची म्हणजे हलकी: स्क्वायर, आयबानेझ, पीआरएसच्या एसई मालिकेतल्या कित्येक गिटारी तिथेच बनतात आणि मधल्या किमतीतला उत्तम माल आज तिथलाच आहे.

पन्नासऐवजी शंभर वॅटचा अ‍ॅम्प दुप्पट मोठा: फरक फक्त 3 डेसिबलचा, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला दहा-वीस वॅट पुष्कळ.

शॉक बसतो: हा एकटाच पूर्ण गैरसमज नव्हे. गिटारीत स्वतःची धोकादायक वीज नसते, पण तिच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या आर्थिंगला जोडलेल्या असतात. ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत आर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. आपल्याकडच्या मांडवात तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांत खुपसणारे कलाकार भरपूर आहेत. घरातली घूं-घूंही पुष्कळदा तिथूनच येते आणि लोक पिकअपला शिव्या देतात. अ‍ॅम्प ज्या सॉकेटला लावणार, त्याचं आर्थिंग गिटार घरी यायच्या आधी वायरमनकडून तपासून घ्या.