पुरलेलें धन : खेळांतील आणि मातींतील

पुरलेल्या धनाची गोष्ट ज्या घरांत कधीं सांगितली गेली नाहीं, असें मराठी घर विरळाच. जुन्या वाड्याच्या भिंतींत मोहरांचा हंडा असतो, त्यावर वेटोळें घालून नाग बसलेला असतो, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे तो हंडा त्याला जमिनीखालीं दिसूं लागतो, अशी ही समजूत. असा हंडा किती जागीं असावा याचा हिशेब गोष्टींत कोणी ठेवीत नाहीं. गोष्टीला हवा असला कीं तो निघतो. परंतु एका परदेशी खेळाच्या कर्त्यांना हा हिशेब आंकड्यांत मांडावा लागला, आणि नाशिक जिल्ह्यांत सांपडलेल्या एका खऱ्या धनाचीही मोजदाद झालेली आहे. हे दोन हिशेब शेजारींशेजारीं ठेवले असतां धनाविषयींच्या समजुतींवर बराच प्रकाश पडतो.

प्रथम खेळाचें पाहूं. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनिव्हा या लहानशा गांवाहून प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेस त्याच्या अवघ्या १,००० प्रती निघाल्या. यांत पटावरील सोंगट्यांची शर्यत नाहीं. कांहीं मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन अंधाऱ्या भुयारांचें वर्णन करतो. बाकीचे योद्ध्याचें किंवा मांत्रिकाचें सोंग घेऊन आपण काय करतों तें बोलून सांगतात. आणि यशापयशाचा निर्णय फांसे देतात. भुयारांत राक्षस असतात आणि धनही असतें. सोन्याच्या एका नाण्यास अनुभवाचा एक गुण, असा साधारण हिशेब असल्यामुळें धन हीच त्या पात्रांची वर चढण्याची शिडी होय.

या धनांत जादूच्या वस्तु किती असाव्या? नियमांच्या कोष्टकांत त्याचें उत्तर आहे. भुयाराच्या पहिल्या मजल्यावर राखणदार नसलेलें धन सांपडलें, तर त्यांत जादूची वस्तु असण्याचा संभव शंभरांत पांच. म्हणजे वीस ठिकाणीं शोधावें तेव्हां सरासरीनें एकदां. जसजसें खोल जावें तसतसें हें प्रमाण वाढतें. प्रचंड ड्रॅगनाच्या गुहेंतही सोनें असण्याचा संभव शंभरांत पंचाहत्तर, तर जादूच्या वस्तूंचा शंभरांत पंधराच. मात्र त्या निघाल्या तर एकदम अर्धा डझन निघतात. म्हणजे या खेळाच्या आरंभीं सोनें पुष्कळ आणि जादू विरळ, अशी योजना होती.

परंतु कोष्टक कागदावर राहतें आणि देणारा हात माणसाचा असतो. खेळगड्यांना खूष करण्यासाठीं कित्येक सूत्रधार खोलीखोलींतून जादूच्या तलवारी वांटूं लागले. अशा उधळ्या खेळाला दूरचित्रवाणीवर बक्षिसांची खैरात करणाऱ्या मॉन्टी हॉल नांवाच्या सूत्रसंचालकावरून एक थट्टेचें नांवही पडलें. १९७९ सालच्या सूत्रधारांसाठींच्या ग्रंथांत गायगॅक्सनें या उधळेपणाविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. कारण उघड आहे. ज्या दिवशीं प्रत्येकाच्या कमरेला जादूची तलवार लटकते, त्या दिवशीं ती साधी तलवार होते. अद्भुताची किंमत त्याच्या विरळपणांत असते.

आतां खऱ्या भूमीकडे वळूं. येथें जादूच्या वस्तूचें प्रमाण शंभरांत शून्य. चांदी मात्र खरोखर निघते. सिन्नर तालुक्यांत गोदावरी व दारणा यांच्या संगमानजीक जोगळटेंभी नांवाचें गांव आहे. तेथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं तीं नाणीं तपासून त्यांचा वृत्तांत मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. नाणीं भरलीं सुमारें १३,२५०, आणि तीं सारीं क्षहरात वंशांतील क्षत्रप नहपान याचीं. एका बाजूस राजाचें मस्तक व ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख.

खरी नवलाई पुढेंच आहे. यांपैकीं ९,२७० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजानें आपला ठसा उमटविलेला होता. एका अंगास तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या अंगास उज्जयिनी चिन्ह, आणि नांव गौतमीपुत्र सातकर्णि याचें. नहपानाचा चेहरा त्या ठशाखालून कोठें कोठें अजूनही डोकावतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गौतमीपुत्राची माता बलश्री हिचा लेख आहे. तो तिच्या नातवाच्या कारकीर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीं कोरलेला असून त्यांत गौतमीपुत्रानें क्षहरात वंश निःशेष केल्याचें म्हटलें आहे. तथापि लेख स्तुतीचा. त्यावर किती विसंबावें, हा प्रश्न राहतो. जोगळटेंभीच्या नाण्यांनीं त्याला पुरावा दिला. नहपानाच्याच नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा बसला, यावरून त्याचें चलन व त्याचा मुलूख या सातवाहन राजाच्या हातीं गेला, हें निश्चित झालें.

त्याच लेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे, आणि त्यांत धनाचा एक निराळा उपयोग दिसतो. त्यानें भिक्षूंसाठीं ३,००० कार्षापण कायमचे ठेवले, ते जमिनींत नव्हे, तर विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि १,००० शेंकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं मिळावे अशी तरतूद केलेली आहे. मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं, अशी अट. जोगळटेंभीचीं नाणीं या ठेवीच्या चौपटीहून अधिक भरतात. परंतु ठेवीनें माणसांना वस्त्र दिलें, आणि पुरलेलीं नाणीं सुमारें अठराशें वर्षें स्तब्ध पडून राहिलीं. पुरलेला प्रत्येक हंडा एवढेंच सांगतो, कीं तो पुरणारा परत आला नाहीं.

असें असतांही हंड्याच्या मोहानें आजही घरें बुडतात. धन काढून देतों म्हणणारे भोंदू लोकांना लुबाडतात. क्वचित् प्रसंगीं नरबळीसारखें घोर पातकही त्यापायीं घडलेलें आहे. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यांत गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेलीं अघोरी कृत्यें हा गुन्हा ठरविलेला आहे.

आणि धन खरोखरच सांपडलें तर? त्याविषयीं १८७८ चा निखात-निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास तें जिल्हाधिकाऱ्यांस कळविलें पाहिजे. तें बेवारस ठरलें आणि जमीन दुसऱ्याची असली, तर उभयतांत निराळा करार नसल्यास सांपडविणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश मिळतें. सरकारनें तें स्वतःकडे घेतल्यास धातूच्या किंमतीवर पांचवा हिस्सा अधिक द्यावा लागतो. सांपडविणाऱ्याचें नुकसान व्हावें, असा त्या कायद्याचा हेतु नाहीं. धन लपविणाराच आपला हिस्सा गमावतो व शिक्षेस पात्र होतो.

सोनाराच्या मुशींत गेलेल्या नाण्याची चांदी तेवढी उरते. जोगळटेंभीचीं नाणीं वितळलीं असतीं, तर कांहीं दागिने झाले असते आणि एका राजानें दुसऱ्याचा मुलूख जिंकल्याची साक्ष त्या मुशींतच विरून गेली असती. तीं मोजलीं गेलीं, वाचलीं गेलीं, म्हणून आज त्यांना चांदीच्या वजनाहून कितीतरी अधिक मोल आहे. जमिनींतील धनांत जादू म्हणावी अशी एवढीच आहे, आणि तिला अंजन लागत नाहीं.