आंघोळीच्या वेळी एवढे पाहाच!

मारेगावकडची थंडीतली सकाळ. पाणी तापले आहे, आजीने तीन वर्षांच्या नातवाला मोरीत उभे केले आहे. पोर कुडकुडते आहे आणि आईचे लक्ष जाते. एका बाजूची पिशवी रिकामी! काल तर अंडगोळी होती. आईच्या पोटात धस्स होते. कुणाला विचारायचे? नवऱ्याशी बोलायचा संकोच, आणि सासूबाई म्हणतात, ‘‘अगं, मोठा झाला की उतरते आपोआप.’’

मैत्रिणींनो, सासूबाईंचे हे म्हणणे कधी खरे ठरते, कधी साफ चुकीचे. तो फरक आईला कळायला हवा.

अंडगोळीला शरीरापेक्षा थोडा थंडावा लागतो, म्हणून निसर्गाने तिला बाहेरच्या पिशवीत ठेवले आहे. तिच्याभोवती एक पातळ स्नायू असतो. थंडी वाजली, मूल घाबरले, मांडीला आतून हात लागला, की तो आखडतो आणि गोळी वर ओढली जाते. ऊब मिळाली की ती खाली येते. हा आजार नव्हे. ऑपरेशनही लागत नाही. मात्र अशी गोळी पुढे कधी कधी वरच राहते, म्हणून वयात येईपर्यंत वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावे.

घरी पाहायचे कसे? कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर, मूल खुशीत असताना, मांडी घालून बसवून पाहा. दोन्ही गोळ्या पिशवीत दिसल्या, तर जिवाला घोर नको.

पण गोळी कधीच खाली दिसली नसेल तर? गर्भात ती पोटात तयार होते आणि शेवटच्या महिन्यांत खाली उतरते. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांमागे सुमारे तिघांत ती जन्मताना उतरलेली नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच जास्त. पुष्कळांची पहिल्या काही महिन्यांत उतरते. सहा महिन्यांनंतर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. तेल-मालीशने ती उतरत नाही. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन झालेले उत्तम. उशीर झाला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, कॅन्सरचा धोकाही वाढतो. आणि तान्ह्या बाळाच्या दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील, तर लगेच डॉक्टर गाठा.

खर्चाच्या धास्तीने गप्प बसू नका. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची मोफत तपासणी होते. त्या पथकाला किंवा आशाताईंना मोकळेपणाने सांगा. पुढच्या उपचारांसाठी यवतमाळला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहेच.

आणखी एक, मुलाला तिथे एकाएकी कळ आली, सूज चढली, उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. गोळीला पीळ पडला असेल, तर ती वाचवायला हातात काही तासच असतात.

लाज पाच मिनिटांची, बायांनो. मुलाचे आयुष्य मोठे आहे.