कमावत्या मुलांची शिल्लक कोणाची?

महाराष्ट्रांतील कोणत्याहि मध्यम शहरांत आज पंचविशीच्या आंतबाहेरील मुलामुलींचा एक असा वर्ग उभा राहिला आहे, कीं ज्याला दरमहा नियमित पगार मिळतो, ज्याला व्यसन नाहीं, ज्याची राहणी उधळी नाहीं. आणि तरीहि तिशी उलटली तरी स्वतःच्या घराच्या पहिल्या भरण्यापुरती पुंजी ज्याच्या पदरीं सांठत नाहीं. वडील मंडळी ह्याचें खापर हॉटेलांतल्या चहावर आणि हातांतल्या मोबाईलवर फोडून मोकळी होतात. कित्येकांच्या बाबतींत हा आरोप खराहि असेल. पण केवळ चहा सोडून कोणीं घर बांधल्याचें अद्याप आमच्या ऐकिवांत नाहीं. आमच्या मतें रोगाचें मूळ दुसरीकडे आहे, आणि तें बोलून दाखविलेलें वडील मंडळींस फारसें रुचणार नाहीं. मुलाची शिल्लक म्हणजे घरांत अडचण येतांच मोडावयाची रक्कम, अशी आपल्या कुटुंबांची ठाम समजूत होऊन बसली आहे. ज्या रकमेवर दहा जणांची नजर आहे, ती एका हेतूसाठीं दहा वर्षें टिकावी कशी?

घराचाच हिशेब घेऊं. पन्नास लाखांचें घर घ्यावयाचें झालें, तर बँक सगळी किंमत कर्जाऊ देत नाहीं. साधारणतः चवथा-पांचवा हिस्सा घेणाराला आपल्या गांठचा घालावा लागतो, आणि मुद्रांकाचा व नोंदणीचा खर्च त्याहून निराळा. म्हणजे दहा लाखांहून अधिक रोकड हातीं हवी. दरमहा ७,००० रुपये नेमानें बाजूस काढणाऱ्या मुलाचे दहा वर्षांत, व्याज न धरतां, ८,४०,००० होतात. बेताचें व्याज धरलें तरी रक्कम दहा लाखांपलीकडे जाते. हिशेब अवघड नाहीं. आतां चवथें वर्ष संपतें आहे, ३,३६,००० जमले आहेत, आणि घरांत थोरल्या बहिणीचें लग्न निघालें. कार्यालय मोठें हवें, मानपान व्हावयास हवा, हळदीचा समारंभ निराळा हवा, लग्नाआधींचीं छायाचित्रें काढावयास म्हणून महाबळेश्वरास जावयास हवें. मुलाच्या खात्यांतून तीन लाख निघाले. त्याला कोणीं धमकाविलें नाहीं, नुसतें विचारलें. पण जवळजवळ त्रेचाळीस महिन्यांची मेहनत एका दिवसाच्या पंगतींत वाढून झाली, आणि तो पुनः पहिल्या पायरीवर आला. घरांच्या किंमती मात्र त्याच्यासाठीं थांबल्या नाहींत.

ही समजूत नुसती जुनी नाहीं, तर तिला एके काळीं न्यायासनाचाहि आधार होता. १९२१ सालीं गोकुळचंद विरुद्ध हुकुमचंद ह्या खटल्यांत प्रिव्हि कौन्सिलनें सिव्हिल सर्व्हिसमधील एका अधिकाऱ्याची मिळकत, त्याचें शिक्षण कुटुंबाच्या पैशावर झालें होतें एवढ्या कारणावरून, एकत्र कुटुंबाची ठरविली. बापानें शिकविलें म्हणून मुलाचा जन्मभराचा पगार सामाईक, असा त्याचा अर्थ. हा अन्याय आपल्याच एका महाराष्ट्रीय कायदेपंडितास सहन झाला नाहीं. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर ह्यांच्या खटपटीनें १९३० सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत विद्याधनाचा कायदा पसार झाला. त्यानें स्पष्ट सांगितलें, कीं शिक्षणाचा किंवा शिकतांनाच्या पोषणाचा खर्च कुटुंबानें केला, एवढ्यानें हिंदु मनुष्याची विद्येच्या बळावर मिळविलेली कमाई सामाईक होत नाहीं. ती त्याची स्वतःची आहे. ह्या गोष्टीस नव्वद वर्षें उलटून गेलीं. कायद्याच्या पुस्तकांतून जी समजूत गेली, ती स्वयंपाकघरांतून व बैठकींतून अद्याप हललेली नाहीं.

मुलाची ही स्थिति, तर मुलीची काय वर्णावी! आजची मुलगी शिकते, नोकरी करते, आणि पुष्कळ घरांतून तिचा पगार आई किंवा वडील ‘तुझ्याच लग्नासाठीं’ म्हणून सांठवितात. हेतु वाईट नसतो. पण पांच वर्षें सांठवून शेवटीं तो पैसा जातो कोठें? कार्यालयवाल्याकडे, आचाऱ्याकडे, आहेराच्या साड्यांकडे, आणि कित्येक ठिकाणीं, कोणी उघड बोलत नाहीं एवढेंच, वरपक्षाच्या हौसेकडे. हुंडा १९६१ च्या कायद्यानें बंद झाला. हुंड्याची जागा घेणाऱ्या गोष्टी मुलीच्याच पगारांतून होऊं लागल्या, हा त्यांतला नवा भाग. त्या मुलीला कदाचित् पुढें शिकावयाचें होतें, परदेशीं जावयाचें होतें, किंवा स्वतःच्या नांवावर दोन खोल्या घ्यावयाच्या होत्या. तिला कोणीं विचारलें नाहीं. आणि लग्नानंतर सासरीं तोच प्रश्न नव्या तोंडांनीं उभा राहतो. १९५६ च्या वारसा कायद्यानें हिंदु स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली आहे. ती मालकी बँकेच्या पासबुकांतहि दिसावयास नको काय?

येथें आमचे कांहीं वाचक म्हणतील, कीं संपादक मुलांना आईबापांविरुद्ध उठवीत आहेत. तसें मुळींच नाहीं. वृद्ध व असमर्थ आईबापांचें पोषण करणें हें मुलाचें, आणि मुलीचेंहि, कर्तव्य १९५६ च्या पोषणविषयक कायद्यांत लिहिलेलेंच आहे. २००७ च्या कायद्यानें तें आणखी दृढ केलें. तें लिहिलेलें नसतें तरी आम्ही तेंच म्हटलें असतें. बापाच्या औषधाला पैसे नाकारणाऱ्या मुलाची वकिली आम्ही करणार नाहीं. परंतु आजारपण निराळें आणि मिरवणूक निराळी. पोषणाचा वांटा पगार होतांच ठरवून द्यावा, त्यांत कुचराई करूं नये. आणि उरलेल्यांतून हेतूची जी रक्कम बाजूस काढली, ती घराच्या हिशेबांत धरूंच नये. त्या रकमेला निराळें नांव आणि निराळें ठिकाण हवें. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं पैसा फंड काढला तेव्हां एकेका माणसाकडून मागितला तो एक पैसा. पण तो पैसा स्वदेशी उद्योगासाठींच, हें देणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसहि ठाऊक होतें. म्हणूनच तळेगांवीं १९०८ सालीं कांचेचा कारखाना उभा राहूं शकला. वाटेंत येणाऱ्या प्रत्येक लग्नमुंजीस त्यांतून हात लावला असता, तर कांचेचा एक पेलाहि निघाला नसता.

ठिकाणाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण तेथें चूक झाली तर नातेवाईकांपासून वांचविलेला पैसा भलत्यांच्याच घशांत जातो. पहिली गोष्ट, हेतूचें खातें एकट्याच्या नांवावर असावें. पुष्कळ मुलांचीं खातीं वडिलांबरोबर संयुक्त असून ‘दोघांपैकीं कोणीहि’ अशा अटीवर चालतात. म्हणजे पैसे काढावयास मुलाच्या सहीची गरजच उरत नाहीं. आईबापांचें नांव नामनिर्देशनाच्या रकान्यांत अवश्य घालावें. त्यानें त्यांस मुलाच्या हयातींत रकमेवर हात टाकतां येत नाहीं. दुसरी गोष्ट, बँक आणि पतसंस्था ह्यांतला भेद ओळखावा. विमा उतरविलेली बँक बुडाली तर दर ठेवीदारास व्याजासह पांच लाखांपर्यंतच्या रकमेची हमी फेब्रुवारी २०२० पासून आहे. सहकारी पतसंस्थेच्या ठेवीस ती नाहीं. पाटी सहकाराची, चेअरमन ओळखीचा आणि व्याज दोन टक्के जास्त, एवढ्यावर भुलून आपल्याकडील किती तरी घरें धुवून निघालीं आहेत. गल्लींतल्या भिशीचीहि तीच कथा. १९८२ च्या चिट फंड कायद्याखालीं तिची नोंदणी आहे काय, हें विचारण्याची लाज वाटूं देऊं नये. ज्याचा हेतु दूरचा आहे, त्यानें सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा विचार करावा. मुदत पंधरा वर्षांची, पहिलीं पांच वर्षें तर पैसे काढण्यास प्रायः मज्जावच. आणि गंमत अशी, कीं त्या निधीवर धनकोला कोर्टाच्या हुकूमनाम्यानेंहि जप्ती आणतां येत नाहीं. धनकोच्या जप्तीपासून रक्षण करणारा कायदा आहे. मामांच्या शब्दापासून रक्षण करणारा कोणत्या कायदेमंडळानें करावा? पण ‘मुदत संपलेली नाहीं’ हें उत्तर मामांसहि मुकाट्यानें ऐकावें लागतें, हा ह्या निधीचा आम्हांस दिसलेला आणखी एक गुण.

राहिला आमच्या व्यापारी वाचकांचा प्रश्न, आणि तो ह्या सर्वांहून कठीण आहे. पेढीवर बसणाऱ्या मुलाला पगारच नसतो. सकाळीं नऊपासून रात्रीं नऊपर्यंत तो गल्ल्यावर असतो, खर्चाला लागतील तेवढे पैसे उचलतो, आणि ‘सगळें शेवटीं तुझेंच आहे’ हें वाक्य लहानपणापासून ऐकतो. विद्याधनाचा कायदा त्याच्या कामाचा नाहीं. कारण त्याची कमाई त्याच्या नांवावर कधीं पडतच नाहीं. तो पस्तीस वर्षांचा झाला, भावाभावांत वांटणी निघाली, म्हणजे त्याला कळतें, कीं बारा वर्षें राबल्याची कोठेंहि नोंद नाहीं. अशा वांटण्यांचे दावे वर्षानुवर्षें चालतात, आणि त्यांत वकिलांखेरीज कोणाचें कल्याण झालेलें आम्हीं पाहिलें नाहीं. नोकराला जो पगार द्यावा लागला असता, तेवढा मुलाच्या नांवें दरमहा खर्चीं टाकून त्याच्या स्वतःच्या बँक-खात्यांत जमा करावा. सूनहि दुकानांत हिशेब पाहत असेल तर तिचाहि. येत्या पाडव्यास नवी वही घालतांना खतावणींत त्यांच्या नांवाचें पान उघडण्यास मुहूर्त निराळा काढावा लागणार नाहीं.