तुरीवरची अळी आणि मातीतील जंतू

बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे गाव कलबुर्गीच्या शिवेपासून फारसे दूर नाही. निजामी अमलात हा सारा मुलूख हैदराबादेकडे तोंड करून असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. सरकारे बदलली, परंतु काळ्या जमिनीतले तूर, हरभरा, मूग, उडीद हे पीक बदलले नाही. लातूर-बीदरकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसेला, सारे कुटुंब शेतावर जाते. त्या दिवशीच्या आंबिलीची आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांनी चविष्ट झालेल्या भज्जीची महती आपल्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

परंतु त्याच हिरव्या दाण्यांवर माणसाच्या आधी हक्क सांगणारा एक प्राणी आहे, तो म्हणजे घाटे अळी. हिचा पतंग कळ्याफुलांवर शेकडो अंडी घालतो. अळी मोठी झाली की शेंगेला भोक पाडते, डोके आत व धड बाहेर ठेवून दाणा फस्त करते आणि पुढच्या शेंगेकडे वळते. १९९७-९८ च्या हंगामात ह्या अळीने बीदर-कलबुर्गीकडील तुरीची धूळधाण केली. १९९८ साली बीदर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, त्यांमागे कर्ज, लहरी पाऊस आणि ही कीड अशी अनेक कारणे एकत्र आली होती. औषधे फवारली नव्हती असे नाही. फवारणी करूनही अळी मरत नव्हती. आंध्रातील कापसावर १९८७ सालीच ही अळी त्या काळच्या जालीम औषधांस दाद देईनाशी झाली होती.

ह्या अळीवर एक उपाय मातीतच पडून आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाने रेशमाचे किडे अकस्मात मारणारा एक जंतू शोधून काढला. १९११ मध्ये जर्मनीत बेर्लिनर ह्यांस पिठातील अळ्यांत तसाच जंतू सापडला. त्या अळ्या थुरिंगिया प्रांतातून आलेल्या होत्या, म्हणून १९१५ साली जंतूचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आज सारे जण त्यास 'बीटी' एवढेच म्हणतात. फ्रान्समध्ये १९३८ पासून ह्या जंतूची भुकटी औषध म्हणून विकली जाऊ लागली.

हा जंतू जेव्हा बीजरूपाने निद्रिस्त होतो तेव्हा आपल्या शेजारी प्रथिनाचा एक बारीक स्फटिक घडवितो. हे प्रथिन स्वतः निरुपद्रवी असते. परंतु अळीने पानाबरोबर ते गिळले म्हणजे तिच्या पोटातील क्षारधर्मी रसात स्फटिक विरघळतो, तेथील पाचकद्रव्ये त्याचे तुकडे करतात आणि मोकळे झालेले विष आतड्याच्या पेशींवर नेमक्या जागी जाऊन बसते, जशी कुलपास त्याचीच किल्ली बसावी. पेशींस छिद्रे पडतात, अळी काही तासांत खाणे सोडते आणि दोनतीन दिवसांत मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि आतड्यात ते कुलूपच नसते. म्हणून त्यास ह्या विषाची बाधा होत नाही. जंतूच्या निरनिराळ्या जातींची प्रथिनेही निरनिराळ्या कीटकांस लागू पडतात. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडलेली जात डासांच्या अळ्या मारते.

इतके गुणी औषध हाती आल्यावर त्याचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न. कापसाच्या बाबतीत आपण काय केले ते पाहण्यासारखे आहे. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातल्याच जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेच्या मोन्सॅन्टोच्या साह्याने ह्या प्रथिनाचा जनुक कापसाच्या बियाण्यात आणला, आणि मार्च २००२ मध्ये सरकारने त्यास परवानगी दिली. प्रारंभी बोंडअळी हटली, फवारण्या कमी झाल्या. मात्र एक अट होती: शेताचा पाचवा हिस्सा किंवा कडेच्या पाच ओळी साध्या कापसाच्या लावाव्यात, म्हणजे तेथे वाढलेल्या अळ्यांचे पतंग विषास सरावलेल्या पतंगांशी मिसळून ती सवय पुढच्या पिढीत पसरू देणार नाहीत. साध्या बियाण्याची पुडी पिशवीबरोबर मिळत असे. ती पेरली मात्र क्वचितच गेली. परिणामी गुलाबी बोंडअळी एका प्रथिनास सरावली, २००६ साली त्यास जोड दिलेल्या दुसऱ्यासही सरावली, आणि २०१७ साली महाराष्ट्रात कापसाचे अतोनात नुकसान झाले. पंधरा वर्षांत एक उत्तम शस्त्र बोथट झाले.

तुरीचे बीटी वाण लावण्यास आपल्या देशात अद्याप परवानगी नाही. चिटगुप्प्याच्या तूरवाल्यास हे प्रथिन मिळते ते फवारणीच्या भुकटीच्या रूपाने, आणि एका अर्थी ते बरेच आहे. भुकटी उन्हात लवकर निकामी होते, म्हणून ती सायंकाळी फवारावी लागते. अळी लहान आणि शेंगेबाहेर असतानाच ती लागू पडते, म्हणून फुले येताच रोज पिकाकडे पाहावे लागते. जवळ तुतीचा मळा असेल तर ती टाळावी लागते, कारण रेशमाचा किडाही तिने मरतो. म्हणजे हे औषध मालकाची शेतावर खेप मागते.

कलबुर्गीकडील शेतकरी तुरीच्या ओळींमध्ये चादर अंथरून झाडे हलवितात व पडलेल्या अळ्या वेचून नष्ट करतात. कोंबड्यांसही त्या चालतात. ह्यात विष नाही, म्हणून अळीस सराव होण्याचाही प्रश्न नाही. आधी झाड हलवावे, पक्ष्यांस बसावयास शेतात मचाणे रोवावीत आणि तरीही अळी उरली तरच भुकटीचा डबा उघडावा. ज्यांची जमीन अजून त्या मुलखात आहे, परंतु शेत दुसऱ्याच्या हाती आहे, त्यांनी भागीदारास एवढे अवश्य विचारावे: यंदा काय फवारले, आणि फवारण्यापूर्वी झाड हलवून पाहिले होते काय?