बर्फातील बिनपगारी पहारा

सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पाणपोई, अन्नछत्र, धर्मशाळा किंवा रुग्णालयाला दिलेली देणगी उभी राहते. या सेवांचे मोल कमी नाही. परंतु जिच्यासाठी आधी अभ्यास करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते आणि दर वर्षी आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते, अशा एका बिनपगारी सेवेचा परिचय वाचकांना करून द्यावा, असे पुष्कळ दिवस मनात होते. अमेरिकेतील पर्वतीय उद्यानांतले नॉर्डिक स्की पेट्रोल ही ती सेवा.

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणे म्हणजे स्कीइंग. त्याच्या नॉर्डिक प्रकारात बूट केवळ चवड्यापाशी पट्टीला जोडलेला असतो व टाच मोकळी राहते. त्यामुळे सपाटीवर चालता येते, चढही चढता येतो. चढावर मागे घसरू नये म्हणून पट्टीच्या तळाला एक केसाळ आवरण लावतात. पूर्वी ते सीलच्या कातड्याचे असे. आता नायलॉनचे मिळते, ही आपल्या दृष्टीने समाधानाची बाब.

या पहाऱ्याचा जनक मिनॉट डोल हा विम्याचा व्यावसायिक होता, याचे मला बँकवाल्याला विशेष कौतुक वाटते. 1936 साली व्हर्मांट राज्यातील स्टो येथे त्याचा घोटा मोडला. मदतीची कसलीच व्यवस्था नव्हती. मित्रांनी त्याला छपराच्या पत्र्यावर घालून खाली ओढत आणले. त्याच मित्रांपैकी फ्रँक एडसन काही आठवड्यांतच एका शर्यतीत दगावला. डोल स्वस्थ बसला नाही. 1938 मध्ये ‘नॅशनल स्की पेट्रोल’ची स्थापना झाली. आज तिच्या सभासदांत बहुसंख्य स्वयंसेवकच आहेत.

सिएटलहून मोटारीने दोन-अडीच तासांवर माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील पॅराडाइज हे ठिकाण सुमारे 5,400 फूट उंचीवर. 1971-72 च्या हंगामात तेथे 1,122 इंच, म्हणजे त्र्याण्णव फुटांहून अधिक बर्फ पडले. नऊमजली इमारत डोळ्यांसमोर आणावी! हिवाळ्यातील शनिवार-रविवारी येथे नॉर्डिक पेट्रोलचे स्वयंसेवक उद्यानाच्या रेंजर मंडळींना साहाय्य करतात. सिएटल परिसरात स्थायिक झालेली आपली मराठी कुटुंबेही बर्फ पाहायला येथेच येतात. मुलाकडे गेलो असताना मीही गेलो होतो. वाहनतळावर जीन्स आणि कापडी बूट घातलेली तरुण मंडळी दिसली, त्यांत आपलीही होती.

कापडाच्या व्यापारातील वाचकांना पुढील गोष्ट चटकन उमगेल. आपल्या उन्हाळ्यात घाम शोषून गारवा देणारे सुती कापड बर्फात तोच गुण वैऱ्यासारखा दाखवते. ते ओले होते, ओलेच राहते आणि अंगातील ऊब खेचून घेते. लोकर मात्र ओली झाली तरी बरीच ऊब राखते. शरीराचे तापमान घसरू लागले, म्हणजेच हायपोथर्मिया झाला, की प्रथम हुडहुडी भरते. मग बोटांना बटण लागत नाही, जीभ जड होते, पाऊल अडखळते. पुढे हुडहुडी थांबते. नवख्याला वाटते, बरे झाले. जाणत्याला कळते की आता खरा धोका आहे. गंमत म्हणजे, बुद्धीही मंदावलेली असल्याने ग्रस्त माणूस स्वतः ‘मला काही झालेले नाही’ असेच सांगत राहतो. अशा वेळी ओले कपडे उतरवणे, बर्फापासून अलग करून कोरड्या पांघरुणात लपेटणे, शुद्धीवर असल्यास गोड व कोमट पेय देणे हे उपाय. चोळणे वा मद्य पाजणे सर्वथा वर्ज्य.

हे ज्ञान आयत्या वेळी सुचत नाही. त्यासाठी ‘आउटडोअर इमर्जन्सी केअर’ हा शंभर तासांच्या आसपासचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पुढे दर वर्षी त्याच्या एक-तृतीयांश भागाची उजळणी, म्हणजे तीन वर्षांत संपूर्ण फेरा. बँकेत आमचे वार्षिक लेखापरीक्षण होई, तसेच हे. शिवाय हिमस्खलनाचे शिक्षण वेगळे. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणून संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही साधने पाठीवर हवीतच. जखमीला आणायची घसरगाडीही माणसांनीच ओढायची, उतारावर मागून दोर धरून आवरायची.

हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला पगार नाही; वर्गणी, साधने, पेट्रोल हा खर्च बहुतांशी स्वतःचाच. आपल्याकडे विनामूल्य काम म्हणजे जमेल तेव्हा, जमेल तसे, असा समज रूढ आहे. मला तो कधीच पटला नाही. पाय मोडलेल्या माणसाला, मदतीस आलेला पगारी आहे की बिनपगारी, याने काय फरक पडतो?

दिवस कलताना या मंडळींचे शेवटचे काम सुरू होते. मागे कोणी राहिले नाही ना, हे पाहत ते वाटेवरून सर्वांत शेवटी परततात. संध्याकाळी खालचे लाँगमायरचे फाटक बंद व्हायचे असते. वाहनतळ रिकामा होत जातो. एखादी गाडी टपावर बर्फ साचून तशीच उभी असेल, तर तिचा मालक कोठे आहे, याचा शोध घ्यावा लागतो.