थंड गाडी सुरू होते, गरम गाडी का अडते?

यवतमाळ : सकाळी चावी फिरवताच सुरू होणारी जुनी फियाट यवतमाळहून कळंबला चिंतामणीच्या दर्शनासाठी निघते. वाटेत ती कुठेही कुरकुर करीत नाही. देवळापाशी गाडी लावून कुटुंब वीस-पंचवीस मिनिटांनी परतते, चावी फिरविली जाते आणि बॉनेटखालून फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. सेल्फ फिरत नाही. चार माणसे गोळा होऊन धक्का देतात, किंवा गाडी सावलीत ढकलून वाट पाहिली जाते. तासाभराने इंजिन निवले, की तीच गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

अशा वेळी बहुधा पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसते. दोष कायम राहतो. मग सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बदलली जाते. काही वेळा त्यानेही भागत नाही. हा खर्च टाळता येण्यासारखा असतो. उष्णता सहसा नवा दोष निर्माण करीत नाही. आधीपासून असलेला लहानसा कमकुवतपणा ती उघडा पाडते. हा कमकुवतपणा नेमका कोठे आहे, हे गाडी गरम असतानाच मोजून ठरविले, तर सुटे भाग अंदाजाने बदलण्याची वेळ येत नाही.

गाडी थांबल्यावर उष्णता वाढते

धावत्या गाडीत रेडिएटर, पंखा आणि समोरून येणारा वारा इंजिनाला थंड ठेवतात. इंजिन बंद होताच हे तिन्ही थांबतात. लोखंडी ब्लॉकमध्ये आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये साठलेली उष्णता बॉनेटखालीच कोंडते. त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली दहा-वीस मिनिटे सेल्फच्या आसपासचे तापमान चालत्या गाडीपेक्षाही अधिक असू शकते. लगेच सुरू केलेली गाडी सुरू होते आणि थोडे थांबून सुरू केलेली अडते, त्याचे कारण हेच.

तांब्याच्या तारेचा विद्युतरोध तापमानाच्या दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. तार ३० अंशांवरून ११० अंशांवर गेली, तर रोध जवळजवळ एकतीस टक्क्यांनी वाढतो. सेल्फवर बसविलेल्या सोलेनॉइडमध्ये अशाच तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला की आतील लोखंडी दांडा खेचला जातो, दाते इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकतात आणि मुख्य प्रवाहाचे संपर्क जुळतात. वेटोळे तापले की प्रवाह घटतो. खेचण्याचे बल ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गानुसार बदलत असल्याने ते सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होऊ शकते. वायरिंग उत्तम असेल, तर उरलेले बल पुरते. चावीच्या स्विचमध्ये किंवा जोडणीत एक-दोन व्होल्ट आधीच गळत असतील, तर मात्र दांडा पुरता खेचला जात नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गरम इंजिनातील ऑइल पातळ झालेले असते, त्यामुळे ते फिरविणे खरे तर सोपे जाते. बॅटरीही थंडीपेक्षा उन्हाळ्यात अधिक जोमाने प्रवाह देते. म्हणून जी गाडी थंड असताना झटकन सुरू होते आणि केवळ गरम असताना अडते, तिच्या बाबतीत बॅटरी हा पहिला संशयित ठरत नाही. तीव्र उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य घटते, हेही खरे; पण आयुष्य संपत आलेली बॅटरी सकाळीही तक्रार करते.

दोन दोषांची गल्लत नको

‘गरम झाली की गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात दोन निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. सेल्फ इंजिन जोमाने फिरवीत असेल आणि तरीही इंजिन पेट घेत नसेल, तर सेल्फ निर्दोष आहे. तेथे दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनावरच बसविलेला असतो. तो तापला की नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा खंडित होतो. देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. या मिश्रणासाठी न बनविलेल्या जुन्या रबरी नळ्याही त्यामुळे तपासणे आवश्यक ठरते. तापलेली इग्निशन कॉइल कमजोर ठिणगी देते, हे आणखी एक कारण.

सेल्फ फिरतच नसेल, मंद फिरत असेल किंवा नुसता ‘टक्’ करीत असेल, तरच पुढील तपासणी करावयाची.

हेडलाइट काय सांगतात?

पहिल्या चाचणीला कोणतेही यंत्र लागत नाही. हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे जेमतेम मंद झाले आणि फक्त ‘टक्’ असा आवाज आला, तर सेल्फपर्यंत मुख्य प्रवाह पोहोचत नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळालेले असण्याची शक्यता मोठी. आवाजच आला नाही आणि दिवे तसेच राहिले, तर चावीच्या स्विचकडे किंवा बारीक वायरकडे पाहावे. दिवे एकदम विझले, तर बॅटरीची टर्मिनले सैल आहेत. दिवे फार मंद झाले आणि सेल्फ रखडला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फच आतून अडखळतो आहे.

मल्टिमीटरची पाच मापे

यापुढील कामासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. चाचणी गाडी गरम असतानाच, म्हणजे दोष हजर असतानाच करावी. निवलेल्या गाडीवर घेतलेली मापे दिशाभूल करतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि इंजिन पेट घेऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढून ठेवावी. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये.

पहिले माप बॅटरीचे. पूर्ण भारित बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये.

दुसरे माप धन बाजूचे. मीटरची एक तार बॅटरीच्या धन खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या मोटरकडील जाड टर्मिनलवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक गळती दिसली, तर केबल, जोडणी किंवा सोलेनॉइडचे संपर्क दोषी आहेत.

तिसरे माप अर्थिंगचे, आणि बहुतेकदा हेच राहून जाते. बॅटरीचा ऋण खुंट आणि सेल्फची धातूची बॉडी यांच्यात सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक नसावा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने बॉडीशी त्याचा विद्युतसंबंध केवळ एका पट्टीने जोडलेला असतो. ही अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली, की सर्व प्रवाह तेथे अडतो. एक साधा हिशेब पुरेसा आहे : सेल्फ १५० अँपियर प्रवाह घेत असेल आणि जोडणीत ओहमचा केवळ शंभरावा भाग रोध असेल, तरी दीड व्होल्ट वाया जातात.

चौथे माप सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवरचे. चावी फिरविल्यावर तेथे बॅटरीइतकाच दाब यावा; त्या वेळी बॅटरीवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा एक व्होल्टहून अधिक कमी आला, तर चावीचा स्विच किंवा बारीक वायर दोषी समजावी. याचा पडताळा पाचव्या चाचणीत होतो. बॅटरीच्या धन खुंटावरून त्या लहान टर्मिनलला क्षणभर वेगळी वायर लावावी. सेल्फ लगेच जोमाने फिरला, तर मोटर निर्दोष ठरते. या चाचणीत गाडी गिअरमध्ये असेल, तर ती अंगावर येऊ शकते, याचे भान ठेवावे.

ब्रिटिश बनावटीच्या काही फार जुन्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. तेथे बाजूंचा विचार उलटा करावा.

सेल्फ कधी उघडावा?

पाचही मापे समाधानकारक असूनही सेल्फ रखडत असेल, तेव्हाच तो काढावा. झिजलेल्या बुशमुळे आर्मेचर एका बाजूला कलते आणि तापून प्रसरण पावल्यावर आतील भागाला घासू लागते. कार्बन ब्रश आखूड झाल्यानेही असेच घडते. हे दोष बुश व ब्रश बदलून दूर होतात. त्यासाठी सेल्फ भंगारात काढण्याचे कारण नाही. इग्निशनचे टायमिंग फार पुढे असले, तर गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देते. म्हणून तेही पाहून घ्यावे.

बहुतांश गाड्यांत उपाय साधेच निघतात. टर्मिनले घासून स्वच्छ करणे, अर्थिंगची जाड नवी पट्टी लावणे, पातळ केबलऐवजी पुरेशा जाडीची केबल घालणे, एवढ्यावर काम भागते. जुन्या चावीच्या स्विचवरचा भार कमी करण्यासाठी सोलेनॉइडच्या वायरीत रिले बसविता येतो. सायलेन्सरचा पाइप सेल्फला खेटून जात असेल, तर मध्ये पत्र्याचा आडोसा उपयोगी पडतो. तापलेल्या सेल्फवर थंड पाणी ओतण्याचा प्रकार मात्र टाळावा. ते पाणी तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पडल्यास तो तडकू शकतो.

अँबेसिडरचे उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी, लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिलेली प्रीमियर पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली. कारखान्यातून आलेला मूळ सेल्फ एकदा भंगारात गेला, की तसाच दुसरा मिळविणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. त्यामुळे गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी गरम गाडीवर घेतलेली ही मापे एका कागदावर लिहून मिस्त्रींच्या हाती द्यावीत. ‘सेल्फ बदला’ असे सांगण्यापेक्षा ‘अर्थिंगला दीड व्होल्ट गळतात’ असे सांगितले, तर काम नेमक्या ठिकाणी होते आणि जुन्या गाडीचा मूळ भाग तिच्याजवळच राहतो.